वाचून दाखविले, बरोबर आहे

टेपवर कुणीच बोलत नव्हते. फीत फिरते आहे, एवढे तिच्या सळसळीवरून कळत होते. त्या सळसळीखाली वाचनालयाच्या जुन्या पंख्याची टकटक होती, कुणीतरी दाबून धरलेला खोकला होता, आणि दूरवर, बंदराच्या रस्त्याला लागलेल्या एका ट्रेलरचा हॉर्न होता. तो आला, लांबला आणि विरून गेला. तरीही कुणी बोलले नाही. कमलाकर प्रधानांनी मनगट डोळ्यांजवळ नेऊन सेकंदकाटा पाहिला. बेचाळीस सेकंदांनी शोभाताईंचा आवाज आला, “चहा घेऊ या का, मंडळी?” आणि पन्नास खुर्च्या एकदम सरकल्या.

त्यांनी फीत मागे नेली. ही चौथी खेप.

शांततेच्या आधीचा प्रश्न लांबून आल्यासारखा ऐकू येत होता, कारण विचारणारी बाई खुर्चीवर बसलेली नव्हती. ती माडीच्या दाराशी, चपलांच्या ढिगापलीकडे उभी होती.

“सायेब, तुमी मगाधरनं शंभर वर्सांचं सांगताय. मना आजचं सांगा. माझी नात निवट्या खाते. खाऊ दे का नको?”

तो आवाज प्रधानांच्या ओळखीचा होता. गुणाबाई. खाडीपलीकडच्या गावातून दर रविवारी चिखलातल्या निवट्यांची, त्या बारक्या माशांची, पाटी घेऊन येणारी. पत्नी गेल्यापासून या घरात कोणती मासळी शिजावी हे तीच ठरवत असे. त्या शनिवारी तिला वाचनालयात यायला प्रधानांनीच सांगितले होते. ‘तुमच्या खाडीचा चिखल तपासतात ना, ते डॉक्टर येणार आहेत,’ एवढेच ते म्हणाले होते. ती खरोखर येईल असे त्यांना वाटले नव्हते. आली, तेही धुवट लुगडे नेसून.

गेले वर्षभर, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, टपाल नाक्याजवळच्या वाचनालयाच्या माडीवर मुंबईहून किंवा पुण्याहून एखादा संशोधक येत असे. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या शोभा मराठे समोर बसून त्याला बोलते करीत. विज्ञान, समाज आणि माणसाचे पुढचे शतक असा तो ऐसपैस विषय. संभाषणे ध्वनिमुद्रित करायची, उतरवून काढायची आणि बारा झाली की पुस्तक करायचे, असे ठरले होते. उतरवण्याचे काम प्रधानांकडे आपोआप आले. कोर्टातून लघुलेखक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला पनवेलमध्ये दुसरे कोण काय काम देणार!

ते काम त्यांना हळूहळू आवडू लागले होते. चौतीस वर्षे त्यांनी घडून गेलेलेच लिहिले होते: कुणी कुणाला कोणत्या हाताने मारले, बांध कुणी कोरला, कुठल्या चैत्रात कोण कुणाच्या दारी काय बोलले. आता त्यांच्या बोटांखालून न घडलेले उमटू लागले. तारे पाहणारा एक तरुण म्हणाला होता की आपल्यापर्यंत पोचणारा प्रत्येक प्रकाश उशिराचा असतो, आणि तरीही डोळे उघडे ठेवणे हेच माणसाचे काम. मेंदूचा अभ्यास करणारी एक बाई म्हणाली होती की आपण आठवतो तेव्हा जुने बाहेर काढत नाही, नवे रचतो. हे वाक्य टंकल्यावर प्रधान बराच वेळ यंत्रावर हात ठेवून बसले होते. मग उठून त्यांनी विनाकारण सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या.

बारावे संभाषण डॉ. सत्यजीत केळुसकरांचे. चाळिशीचा, किडकिडीत, बोलताना चष्मा काढून हातात धरणारा माणूस. मुंबईतल्या एका संस्थेत तो समुद्राचा आणि खाड्यांचा अभ्यास करी. तो फार सुंदर बोलला होता.

“चिखल खोटं बोलत नाही,” तो म्हणाला होता. “आम्ही नळी खुपसून चिखलाचा एक उभा दांडा काढतो. वरचा बोटभर थर म्हणजे तुमची-माझी वर्षं. वीतभर खाली तुमचे पणजोबा. त्याच्या खाली गलबतं. आपण काय जाळलं, काय सांडलं, काय लपवलं, सगळं एकावर एक निजलेलं. शंभर वर्षांनी कुणीतरी अशीच नळी खुपसेल. आपण त्याला काय म्हणून सापडू, एवढाच माझ्या मते भविष्याचा प्रश्न आहे.”

टाळ्या झाल्या होत्या. टाळ्या ओसरताच दाराशी उभी असलेली ती बाई बोलली होती, आणि मग ती बेचाळीस सेकंदे.

प्रधानांनी यंत्रात कोरा कागद सरकवला, प्रश्न टंकला, आणि त्याच्या पुढे, ओळीच्या मधोमध, एक रिकामे वर्तुळ काढले. यंत्रावर तसली कळ नव्हती. ते त्यांनी पेनने काढले, काळजीपूर्वक, दोन्ही टोके जुळतील असे.

•

ते वर्तुळ तेहतीस वर्षांचे होते.

एकसष्ट साली ते जिल्ह्यातल्या एका लहान कोर्टात नोकरीला होते. वय पंचवीस. हात इतका चालायचा की न्यायाधीश कौतुकाने सांगत, याच्या पेन्सिलीला माणसाच्या आधी कळते. वैशाखातल्या एका दुपारी गंगाबाई नावाची एक विधवा पिंजऱ्यात उभी होती. दिराने तिच्या जमिनीचा आपल्या नावाने कागद केला होता. दिराच्या वकिलाने तो तिच्यासमोर धरला आणि विचारले, “हा अंगठा तुमचाच? समजून-उमजून उठवलात?” तिचा स्वतःचा वकील त्या घटकेला शेजारच्या कोर्टात धावला होता. गंगाबाई गप्प राहिली. ओठ सुकलेले, नजर कागदावर. पट्टेवाल्याला दया आली. त्याने खालच्या आवाजात विचारले, “पानी पायजे का बाय?” ती म्हणाली, “होय.”

लघुलिपीत प्रत्येक आवाजाला खूण असते. गप्प बसण्याला नसते. प्रधानांची पेन्सिल वाहत होती. पट्टेवाला काही साक्षीदार नव्हता, त्यामुळे त्याचे बोलणे कागदावर आले नाही. प्रश्न आला, आणि प्रश्नाच्या पाठीला लागून ‘होय’ आले.

संध्याकाळी जबानी तिला वाचून दाखवण्यात आली. वाचून दाखवायची रीतच होती. पण ती कोर्टाच्या भाषेत, एका दमात, घरी जायच्या घाईत. प्रधानांनीच वाचली. शेवटी, ‘वाचून दाखविले, बरोबर आहे,’ या ओळीखाली गंगाबाईने अंगठा उठवला. हा मात्र नक्की तिचा होता.

महिन्याभराने, जमीन दिराला देणाऱ्या निकालाची नक्कल टंकताना चौथ्या पानावर ते ‘होय’ त्यांच्यासमोर उभे राहिले. त्यांना पाण्याचा पितळी पेला आठवला, पट्टेवाल्याचा हात आठवला. ते न्यायाधीशांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. दार अर्धे उघडे होते. आत साहेब डबा खात होते. प्रधान परत आले आणि त्यांनी नक्कल पूर्ण केली. चौथ्या पानावर एकही खाडाखोड नव्हती.

त्यानंतर त्यांनी आपल्यापुरती खूण तयार केली. साक्षीदार गप्प झाला की एक रिकामे वर्तुळ. सुवाच्य प्रत काढताना त्या जागी ते लिहीत, ‘साक्षीदार उत्तर देत नाही.’ वकील चिडत, एखादा न्यायाधीश हसे, पण ओळ राहत असे. आपण जगाला दुसरे काही देऊ शकलो नाही, तरी माणसांचे गप्प बसणे आपण हरवू दिले नाही, असे त्यांना वाटे. ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. पत्नीलाही नाही.

•

“काका, हे काय काढलंय? भोपळा?” प्रधानांकडे आलेल्या शोभाताईंनी कागद उजेडाकडे धरला.

“शांतता आहे ती. खाली लिहिलंय बघा. डॉक्टर केळुसकर उत्तर देत नाहीत. बेचाळीस सेकंद.”

“सेकंदसुद्धा मोजलेत!” त्या हसल्या, मग हसू आवरले. “काका, हे कोर्ट नाहीये हो. आपण त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं.”

“माणसं तीच असतात, शोभाताई. फक्त इथं चहा मिळतो.”

शोभाताई खुर्चीवर बसल्या. त्या वाईट नव्हत्या. बारा संभाषणांसाठी त्यांनी दारोदार हिंडून खुर्च्या, माईक आणि श्रोते जमवले होते. लांबच्या संशोधकांना स्वतःच्या घरी जेवू घातले होते. त्या पुस्तकातून पनवेलच्या एखाद्या पोरीला विज्ञानाची वाट सापडावी एवढीच त्यांची इच्छा होती.

“त्यांचा फोन आला होता,” त्या म्हणाल्या. “फार अस्वस्थ होते. तेवढा भाग वगळा म्हणाले. मला विचाराल तर वगळावा. त्या बाईंचा प्रश्न आपल्या विषयाला धरून नव्हताच.”

“आपला विषय काय होता?”

“विज्ञान, समाज आणि…” शोभाताई मध्येच थांबल्या. खिडकीबाहेर पाहू लागल्या. “तुम्ही ना, काका, उलटतपासणी घेता.”

“मी कधीच घेतली नाही. मी फक्त लिहून घ्यायचो.”

“रविवारी ते स्वतः येतायत तुमच्याकडे. त्यांच्याशीच बोला. मी मध्ये पडत नाही.” पायऱ्या उतरताना त्यांनी वळून पाहिले. “आणि हे बघा, त्यांना फार बोलू नका. बारांपैकी हा एकच माणूस असा होता, जो जाताना खुर्च्या उचलायला थांबला.”

•

रविवारी साडेदहाला डॉ. केळुसकर आले. खांद्याला शबनम, पायांत झिजलेल्या वहाणा, नखांच्या कडांना काळसर रेघ. ती धुऊन जाण्यासारखी दिसत नव्हती. त्यांनी पाणी मागितले, प्यायले, आणि पेला दोन्ही हातांत धरून बसले.

“प्रधानसाहेब, त्या रात्री मला झोप लागली नाही, असं मी सांगणार नाही. लागली. त्याचंच मला वाईट वाटतंय.”

प्रधानांनी उठून पंखा लावला.

“तुम्हाला सगळं सांगतो. त्या चिखलात पारा आहे. किती, ते मला माहीत आहे. मासळीतही आहे. अहवाल लिहून दिलाय. तो वर पडलाय. परवानगीशिवाय आम्ही बाहेर एक अक्षर बोलायचं नाही, तशी सही घेतलेली असते. उद्या हे पुस्तकात आलं तर माझं जे व्हायचं ते होईल. पण काम बंद होईल हो! माझ्या हाताखाली दोन मुलं आहेत, ती सुटतील. मग त्या खाडीत नळी खुपसायला कुणीही जाणार नाही. कुणाला काही कळणारच नाही. हे बरं, का आत्ताचं बरं?”

“मला शास्त्रातलं कळत नाही,” प्रधान म्हणाले. “तुम्ही बोलला नाहीत, एवढंच मी लिहिलंय.”

“तेच तर! गप्प बसणं छापलं की ते बोलण्यापेक्षा मोठं दिसतं.” त्यांनी शबनममधून घडी घातलेला कागद काढला. “त्या जागी हे वाक्य घाला. ‘सध्या उपलब्ध असलेल्या माहितीनुसार काळजीचे कारण दिसत नाही.’”

“हे खरं आहे?”

“हे… खोटं ठरवता येणार नाही असं वाक्य आहे. उपलब्ध म्हणजे, जी उपलब्ध करून दिलीय ती.”

प्रधानांना त्या माणसाची अचानक दया आली. त्यांना एक अर्धे उघडे दार दिसले, आणि आत डबा खात बसलेले साहेब. ते उठले, यंत्रावरचे फडके काढले, कोरा कागद सरकवला.

“टंकून देतो. तुमचं बोलणं तुमचं आहे, ते बदलायचा हक्क तुम्हाला आहे. पण आमच्याकडे एक रीत आहे. लिहिलेलं वाचून दाखवायचं. तुम्ही ‘बरोबर आहे’ म्हणायचं आणि खाली सही करायची.”

“हो, चालेल,” डॉक्टर म्हणाले. सुटल्यासारखे.

यंत्राचा कडकडाट सुरू झाला. प्रश्न उतरला. वर्तुळाच्या जागी ते वाक्य उतरले; कागदावर त्याला फारच थोडी जागा लागली. शेवटचा पूर्णविराम पडतो न पडतो तोच जिन्यातून हाक आली.

“वकीलसायेब! हाव का घरान?”

“ये गं, गुणाबाई. आणि शंभरदा सांगितलंय, मी वकील नाही.”

“कोडतान व्हते ना? मंग झालं.” ती उंबऱ्याच्या आत आली, पाटी फरशीवर टेकवली, डोक्यावरची चुंबळ काढून मांडीवर ठेवली. “थाळी आणा. बाईसायेब असत्या तं आतापावेतो चार शिव्या खाल्ल्या असत्या मी, उशीर केला म्हनून. टेम्पोवाला मेला उरन नाक्यावर चा प्याया उतरला तो वर चढंना.”

प्रधानांनी थाळी आणून दिली. तिने वाटा मांडला: चिखलाच्या रंगाच्या, अजून ओलसर, बटबटीत डोळ्यांच्या निवट्या, आणि वरून दोन जास्तीच्या. मग तिचे लक्ष खुर्चीकडे गेले.

“अगो बाय! चिखलवाले सायेब!” तिने चटकन पदर सावरला. “सायेब, त्या दिशी माझ्यामुळं तुमचा कारेक्रम मोडला. मना उगाच मधी बोलाया झालं. मानसा इतकी शानी बसलेली, न मी आपली निवट्यांचं इचारते.”

“नाही, नाही मावशी, तसं काही…”

“पन एक बरं झालं बगा. माझा जीव थाऱ्यावर आला.”

डॉक्टरांनी मान वर केली. “कसा?”

“आवो, तुमी काय बोल्लाच नाय! मी घरी जाऊन सांगितलं, सायेब काय बोल्ला नाय. तं आमचे मालक बोल्ले, काय असतं तं सायेब बोल्ला असता. शिकलेला मानूस हाय, लेकराच्या जिवाचं असतं तं गप बसंल का? गावान समद्यांनी तेच सांगितलं.” ती हसली. पानाने रंगलेले, मोकळे हसू. “चिखल तपासतात म्हनून मी महिनाभर बंद केल्या व्हत्या तिच्या निवट्या. सुकली पोर. आमच्यात अशक्त पोराला निवट्यांचं पानी देतात, त्याच्यान जोर येतो. त्या दिसापासना परत चालू केलं. दोन वखताला देते. पूर्वी नाव तिचं. चार वर्सांची हाय, पन पाय अजून कच्चं हायती.”

खोलीत यंत्राच्या रुळाला लागलेला कागद पंख्याच्या वाऱ्याने हलत होता. प्रधान त्याकडे पाहत राहिले. तेहतीस वर्षे त्यांनी जे वर्तुळ जपले होते, सोन्याच्या वळ्यासारखे, ते या बाईने घरी नेले होते, आणि तिथे ते ‘होय’ झाले होते. लिहून ठेवल्याने काहीही वाचले नव्हते. गप्प बसण्याच्या पाठीला लागून नेहमी कुणाचे तरी उत्तर येतेच. फक्त ते दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडचे असते.

त्यांनी घसा खाकरला. कागद यंत्रातून काढला नाही. खुर्ची जरा पुढे घेतली, चष्मा नाकावर सरळ केला.

“डॉक्टर, वाचून दाखवतो.”

“आत्ता?” डॉक्टर म्हणाले. “नंतर…”

“रीत आहे. प्रश्न: माझी नात निवट्या खाते. खाऊ दे का नको?”

“माझं बोलनं लिवलंय!” गुणाबाईने कौतुकाने मान पुढे केली.

प्रधान सावकाश वाचत होते. आयुष्यात प्रथमच ते असे वाचत होते. प्रत्येक शब्दानंतर थांबून, समोरच्या अडाणी माणसालाही कळेल असे. “उत्तर: सध्या, उपलब्ध असलेल्या माहितीनुसार, काळजीचे, कारण, दिसत नाही.” त्यांनी वर पाहिले. “बरोबर आहे?”

डॉक्टरांच्या हातातला पेला रिकामा होता, तरी त्यांनी तो तोंडाला लावला. खाली ठेवला. चष्मा काढला. प्रधानांनी या वेळी घड्याळाकडे पाहिले नाही. गुणाबाई एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावरचे हसू तिथेच होते, पण त्याच्या मागचे माणूस हळूहळू उठून उभे राहत होते.

“नाही,” डॉक्टर म्हणाले. पुन्हा म्हणाले, “नाही. बरोबर नाही.” मग ते खुर्चीवरून उतरून तिच्यासमोर फरशीवर उकिडवे बसले. चिखलात नळी खुपसताना ते असेच बसत असतील. “मावशी, तिला देऊ नका. निवट्या नको, खुबे नको, चिंबोऱ्या नको. त्या चिखलातलं काहीच नको. तुम्हीसुद्धा खाऊ नका. त्यात विष आहे. थोडं थोडं अंगात साठतं. लहान मुलांना जास्त.”

गुणाबाईने त्यांचे सगळे बोलणे ऐकून घेतले. खालच्या रस्त्यावरून एक जड गाडी गेली आणि खिडकीची तावदाने थरथरली.

“तिचे पाय त्याच्यानच?”

“ते मला सांगता येणार नाही. खरंच येणार नाही. डॉक्टरांना दाखवायला हवं. मुंबईला. मी येतो बरोबर. मी नंबर लावून देतो.”

“तुमाला कवापासना ठावं हाय?”

डॉक्टरांनी प्रधानांकडे पाहिले, जणू मदतीची अपेक्षा असावी. प्रधानांची बोटे कळांवर होती.

“दीड वर्ष,” ते म्हणाले.

गुणाबाईने मान हलवली. ओरडली नाही, कपाळाला हात लावला नाही. तिची नजर प्रधानांच्या थाळीवर गेली. तिने हात पुढे केला आणि मांडलेला वाटा परत उचलायला सुरुवात केली: एकेक निवटी, शेपटीला धरून, पाटीत. वरच्या दोन जास्तीच्यासुद्धा. दिलेला वाटा तिने आजवर कुणाच्या थाळीतून परत घेतला नव्हता. तसे कुणी घेतही नाही. मासळीचा अपमान होतो म्हणतात.

“राहू दे गं,” प्रधान कसेबसे म्हणाले.

तिने ऐकले नाही. थाळी रिकामी झाल्यावर पदराच्या टोकाने ती आतून पुसली आणि त्यांच्या पायाशी सरकवली.

“लिहा, प्रधानसाहेब,” डॉक्टर फरशीवरूनच म्हणाले. “जसं बोललो तसं लिहा. मी सही करतो. दीड वर्षसुद्धा लिहा.”

पण यंत्र वाजले नाही. गुणाबाई पाटीवर हिरवा प्लॅस्टिकचा कागद झाकत होती; चारही बाजूंनी नीट, कोपरे दाबून, आत काही निजलेले असावे तशी. ही पाटी आता ती कुठे नेईल, बाजारात, का खाडीत, का घरी, हे तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हते. बाजारात ओट्यावर तिची जागा राखून ठेवलेली असेल. मिठागरे गेल्यापासून तिच्या घराला दुसरे काही नव्हते. आणि घरी, उंबऱ्यात बसून, ती चार वर्षांची पोर वाट पाहत असेल.

“मावशी,” डॉक्टर म्हणाले. माडीवर शंभर वर्षांविषयी बोलताना जो आवाज होता, त्याचा आता मागमूस नव्हता. “आता तुम्ही काय कराल?”

गुणाबाईने चुंबळ डोक्यावर ठेवली. दर रविवारी या वेळी ती म्हणत असे, ‘जरा हात लावा, वकीलसायेब,’ आणि प्रधान वाकून पाटीची एक बाजू उचलत असत. ते आताही उठले. दोन्ही हात पुढे करून उभे राहिले.

तिने पाटी आधी गुडघ्यावर घेतली, मग एका झटक्यात, एकटीने, डोक्यावर चढवली. तोल सावरला. उंबऱ्याशी क्षणभर थांबून तिने चपला सरळ केल्या. मग जिना उतरू लागली. एक पायरी, दुसरी पायरी, पाटीवरच्या कागदाची सळसळ, आणि मग रस्ता.

फरशीवर, पाटी टेकली होती तिथे, पाण्याचे एक गोल कडे उमटले होते. मधली फरशी कोरडी होती.